दोन किल्ल्या आणि एक उडी

गेल्या वर्षी चतुर्थीला संध्याकाळची आरती आटोपली आणि आम्ही सगळे पडवीत येऊन बसलो. वर्षभर बंद असणारी कोकणातली घरं त्या पाच-सात दिवसांत माणसांनी भरून जातात. आमच्याकडेही पुण्या-मुंबईची मंडळी आली होती. करंज्या आणि चहा चालू असताना माझ्या पुतणीने, कोणी रिक्षाचं भाडं सांगावं इतक्या सहज, सांगून टाकलं की ती एप्रिलमध्ये सुट्टी काढून स्पेनला जाणार आहे. तिथे ती विमानातून एकटीने उडी मारायला शिकणार आहे आणि तिला त्याचा परवाना घ्यायचा आहे.

पडवी गप्प झाली. मुलगी २६ वर्षांची, पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरीला, पैसे तिचे स्वतःचे. तिला अडवण्याचा अधिकार कोणाला नव्हता आणि म्हणूनच प्रत्येकाला तो बजावावासा वाटत होता. शेवटी वहिनींनी, म्हणजे तिच्या आईने, तोंड उघडलं. वहिनींचा जन्म वेंगुर्ल्याचा, सासरही वेंगुर्ल्याचं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"गो बाय, विमान धड आसताना उडी कित्याक मारूची?"

सगळे हसले, पुतणीही हसली. पण उत्तर तिला देता आलं नाही. मग सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली. मी पस्तीस वर्षं बँकेत काढली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या, त्यामुळे धोका या विषयावर माझं काहीतरी मत असणार अशी घरात समजूत आहे. "काका, तुम्हीच सांगा," असं म्हणून पुतणीने कागदांची एक चळत माझ्यापुढे ठेवली. कर्जाचा अर्ज तपासावा तसा मी तो गठ्ठा रात्री तपासायला घेतला. हा लेख त्या तपासणीतून निघाला आहे.

*

विमानातून उडी मारण्याचे तीन प्रकार आहेत आणि आपण ते सर्रास एक समजतो. पहिला प्रकार पर्यटकाचा. प्रशिक्षकाच्या छातीला पट्ट्यांनी बांधून घ्यायचं, त्याच्याबरोबर पडायचं, त्याच्याबरोबर उतरायचं आणि फोटो काढायचे. या जोडउडीत तुम्ही प्रवासी असता. दुसरा प्रकार सैन्यातल्या छत्रीधारी सैनिकाचा. त्याच्या छत्रीची दोरी विमानात अडकवलेली असते, तो बाहेर पडला की ती दोरीच छत्री ओढून उघडते. तिसरा प्रकार माझ्या पुतणीला हवा होता. दहा-तेरा हजार फुटांवर विमानाच्या दारातून बाहेर पडायचं, पाऊण मिनिटाच्या आसपास मोकळं पडत राहायचं, मनगटावरच्या उंचीमापकाकडे लक्ष ठेवायचं आणि ठरल्या उंचीला आपल्याच हाताने छत्री उघडायची. ओढायला दुसरं कोणी नाही.

ही स्वतःच्या हाताने छत्री उघडण्याची उडी फार जुनी नाही. पॅरिसमध्ये गार्नरँ हा गृहस्थ १७९७ साली फुग्यातून छत्रीने उतरला होता, पण त्याची छत्री टोपलीला आधीच बांधलेली होती. मोकळं पडताना माणूस बेशुद्ध होतो, त्याचा हात हलत नाही, असं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहाणी माणसं म्हणत. २८ एप्रिल १९१९ रोजी अमेरिकेत लेस्ली अर्विनने विमानातून उडी घेतली, पडता पडता स्वतःच्या हाताने छत्री उघडली आणि ही समजूत खोटी पाडली. जमिनीवर उतरताना त्याचा घोटा मात्र मोडला. पुढे १९६० च्या दशकात डोमिना जालबर्ट या पतंग बनवणाऱ्या माणसाने कप्प्याकप्प्यांची चौकोनी छत्री काढली. तिच्यात वारा भरला की ती विमानाच्या पंखासारखी पुढे सरकते, वळवता येते, उतरताना आवरता येते. आज जगभर परवाना घेणारे शिकाऊ उमेदवार याच छत्रीवर शिकतात.

शिक्षणाची रीत आता बहुतेक ठिकाणी सारखी आहे. पहिला दिवस पूर्ण जमिनीवर जातो. शरीराची कमान कशी करायची, हातांच्या खुणा कशा ओळखायच्या, छत्री नीट उघडली नाही तर काय करायचं, हे घोकून घेतात. उजवीकडची मूठ ओढली की बिघडलेली मुख्य छत्री सुटते, डावीकडची ओढली की राखीव छत्री उघडते. शिकणाऱ्याने हा निर्णय २,५०० फुटांच्या वर असतानाच घ्यायचा असतो, कारण छत्री न उघडता पडणारा माणूस ताशी १९० ते २०० किलोमीटर वेगाने जात असतो. विचाराला सवड नसते म्हणून विचार आधीच करून ठेवायचा. मग उड्या सुरू होतात. पहिल्या काही उड्यांत दोन प्रशिक्षक दोन्ही बाजूंनी धरून असतात, नंतर एक, नंतर कोणीच नाही. एखादा टप्पा जमला नाही तर तो पुन्हा करायचा. अमेरिकेच्या संघटनेच्या नियमांनुसार किमान २५ उड्या, लेखी आणि तोंडी परीक्षा आणि स्वतःची छत्री स्वतः घडी घालण्याची चाचणी, एवढं झालं की पहिल्या पायरीचा परवाना मिळतो. दुसरी पायरी ५० उड्यांची, तिसरी २०० ची, चौथी ५०० ची. प्रवासी बांधून घेऊन जोडउडी मारणाऱ्या प्रशिक्षकाला किमान ५०० उड्या आणि या खेळातली तीन वर्षं लागतात.

हे सगळं वाचताना माझ्यातला बँकवाला एका गोष्टीवर अडला. मुख्य छत्री उडी मारणारा स्वतः घडी घालतो. राखीव छत्री मात्र त्याने घडी घालायची नाही. ती परवानाधारक कारागीरच घालतो, पिनेवर सील ठोकतो आणि पिशवीत ठेवलेल्या कार्डावर तारीख घालून सही करतो. अमेरिकेत दर १८० दिवसांनी ती उघडून पुन्हा घालावी लागते, मग ती वापरलेली असो वा नसो. विमानात चढण्यापूर्वी एक माणूस दुसऱ्याच्या पाठीवरच्या पिना तपासतो. याशिवाय १९९१ पासून एक जर्मन उपकरण आलं आहे. ठरावीक उंचीच्या खाली माणूस अजून जोरात पडत असेल, तर ते राखीव छत्री आपोआप उघडतं.

तारीख, सही, सील आणि दुसऱ्या माणसाची तपासणी. मला वाटलं, अरे, ही तर आमची स्ट्राँगरूम!

*

इथे मला माझी एक जुनी चूक सांगितली पाहिजे. १९८७ साली मी घाटावरच्या एका शाखेत होतो. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. दोघं हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. एक किल्ली माझ्याकडे होती, दुसरी आमच्या अकाउंटंटकडे. एका दुपारी त्याला घरच्या लग्नाच्या खरेदीला जायचं होतं. जाताना त्याने किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "तुम्ही आहात ना," म्हणाला. मी होतो. मी दोन्ही किल्ल्या लावून तिजोरी उघडली, रोकड आत ठेवली, बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने रजिस्टरवर सही केली. काहीही बिघडलं नाही.

काही बिघडलं नाही हेच वाईट झालं. कारण पुढच्या पंधरवड्यात आम्ही तसंच पुन्हा केलं. मग कधी तो माझी किल्ली घेई. दीड महिन्याने एका तपासणीत रोकड पाच हजारांनी कमी भरली. कोणी घेतले की मोजण्यात चूक झाली, हे कधीच कळलं नाही. कळणं शक्यच नव्हतं, कारण ते कळण्यासाठी असलेली व्यवस्था आम्ही दोघांनी मिळून मोडली होती. पैसे दोघांच्या पगारातून कापले गेले, ते एकवेळ सोसलं. पण वर्षभर आम्ही एकमेकांकडे बघताना डोळ्यांत संशय असायचा, तो सोसवला नाही. तो माणूस सज्जन होता. मीही आहे, असं मला वाटतं. दुसरी किल्ली असते ती सज्जन माणसांसाठीच, कारण चोराला ती अडवू शकत नाही. सज्जन माणसाच्या थकव्याला, घाईला आणि "चालतंय की" या वाक्याला ती अडवते.

म्हणून जेव्हा लोक म्हणतात की आकाशातून उडी मारणारे बेदरकार असतात, तेव्हा मला आकडे पाहावेसे वाटतात. अमेरिकेत १९७० च्या दशकात या खेळात वर्षाला सरासरी चाळीसच्या वर माणसं दगावत. २०२३ मध्ये तिथे सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि मृत्यू झाले १०. आकाश तेच, गुरुत्वाकर्षण तेच. उपकरणं सुधारली आणि त्याबरोबर सह्या-शिक्क्यांची शिस्त आली. आणखी एक गोष्ट कळली ती मला फार बोलकी वाटते. अलीकडच्या अपघातांतला मोठा वाटा छत्री न उघडल्याचा नाही. छत्री चांगली उघडलेली असते आणि उतरताना माणूस जमिनीजवळ नको ते वळण घेतो. माणूस अंगात भरलेल्या आत्मविश्वासाने पडतो.

आमच्या वाडीत एक निवृत्त सुभेदार आहेत. आग्र्याच्या सैनिकी छत्रीशाळेत ते पाच उड्या मारून, त्यातली एक रात्रीची, छातीवर पंख लावून आले होते. चतुर्थीला ते आरतीला आले तेव्हा मी त्यांना विचारलं की भीती वाटायची का. ते म्हणाले, "जो भियता तो बरो. भियना नाय, तो हूक तपासना नाय."

*

सुभेदारांचं नाव निघालं म्हणून सांगतो, आकाशातून उडी हा प्रकार मराठी माणसाला परका अजिबात नाही. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेश युद्धात टांगाईलजवळ भारतीय सैन्याची जी तुकडी छत्र्यांनी उतरली, ती सेकंड पॅरा म्हणजे मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. पुंगली पुलावर ताबा मिळवून डाक्क्याकडे माघार घेणाऱ्या शत्रूची वाट तोडणं हे तिचं काम होतं. पाच दिवसांनी, १६ डिसेंबरला, डाक्क्यात प्रथम शिरलेल्या भारतीय सैन्यात हीच पलटण होती. आपल्या जिल्ह्यात लष्करात गेलेला माणूस नाही असं गाव शोधावं लागेल. पण टांगाईलची ही उडी आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

नागरी बाजूला एक नाव सगळ्यांना ठाऊक आहे, ते शीतल महाजन यांचं. १८ एप्रिल २००४ रोजी पुण्याच्या या मुलीने उत्तर ध्रुवावर रशियन हेलिकॉप्टरमधून २,४०० फुटांवरून उडी घेतली. तापमान उणे ३७ अंश. आणि ती तिच्या आयुष्यातली पहिली उडी होती. १५ डिसेंबर २००६ रोजी अंटार्क्टिकावर ११,६०० फुटांवरून तिने मोकळ्या पतनाची उडी मारली. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ च्या फेब्रुवारीत थायलंडमध्ये नऊवारी नेसून तिने उडी मारली तेव्हा घरोघरी कौतुक झालं आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टच्या समोर २१,५०० फुटांवरून तिने उडी घेतली.

माझ्या पुतणीच्या खोलीत शीतलताईंचा फोटो आहे. माझ्या मनात त्यांच्याविषयी निखळ आदर आहे. पण आदराबरोबर एक प्रश्नही आहे. आयुष्यातली पहिली उडी उत्तर ध्रुवावर मारावी लागणं, यात त्यांच्या धैर्याची जेवढी गोष्ट आहे तेवढीच आपल्या गैरव्यवस्थेचीही आहे. ज्या राज्यातून अशी मुलगी निघाली त्या राज्यात एखाद्या साध्या घरातल्या मुलीला क्रमाक्रमाने पंचवीस उड्या शिकवणारी शाळा तिच्यानंतर वीस वर्षांत रुजायला हवी होती. आपण सत्कार केले. शाळा सत्कारातून उभी राहत नाही.

*

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. ७ जून २०२२ रोजी केंद्राच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केलं. त्यात अकरा खेळ आहेत: फुगे, ग्लायडर, पॅराग्लायडिंग, ड्रोन आणि अर्थातच छत्रीची उडी. शिखर संघटना, त्याखाली प्रत्येक खेळाची राष्ट्रीय संघटना, त्याखाली प्रादेशिक किंवा राज्य शाखा आणि सर्वांत खाली जिल्हा पातळीवरच्या संघटना, अशी चार मजली रचना त्यात आहे. महाराष्ट्र शासनानेही ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण काढून जमीन, पाणी आणि हवा अशा तिन्ही प्रकारांतल्या उपक्रमांना नोंदणी आवश्यक केली. हरियाणात नारनौलजवळ नागरिकांसाठी उड्या होतात, मध्य प्रदेशाने उज्जैनला उडीचे महोत्सव भरवले. कागद आहे, सुरुवातही आहे.

पण कागद आणि किनारा यांच्यातलं अंतर मी रोज पाहतो. वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिण टोकाला रेडी. पुढे तेरेखोल, आणि खाडी ओलांडली की गोव्यातलं केरी. १८ जानेवारी २०२५ रोजी त्या केरीच्या पठारावरून पॅराग्लायडिंगला गेलेली पुण्याची एक तरुणी आणि तिला घेऊन उडालेला तरुण चालक, दोघंही दरीत पडून मरण पावले. व्यवसाय चालवणाऱ्यावर गुन्हा दाखल झाला. उत्तरेला तारकर्ली. २४ मे २०२२ रोजी स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोन माणसं गेली. दोन्ही वेळा चार दिवस गदारोळ झाला, बंदी आली, तपासण्या झाल्या. मग हंगाम आला.

या दोन अपघातांत मेलेल्या पर्यटकांपैकी कोणी साहस शिकायला आलेलं नव्हतं. ते प्रवासी होते. विमानातून उडी मारायला शिकणारी मुलगी स्वतःच्या पाठीवरची पिन तपासायला शिकते. पर्यटकाला ते शिकवत नाहीत, त्याने फक्त विश्वास ठेवायचा असतो. म्हणजे सर्वांत कडक व्यवस्था प्रवाशाभोवती हवी, आणि आपल्याकडे ती तिथेच सर्वांत ढिली आहे. आपण शिकणाऱ्याला वेडा म्हणतो आणि न शिकता बसणाऱ्याला "मजा कर" म्हणून निरोप देतो.

असं का होतं? इथे मी पुन्हा बँकेत शिरतो, कारण माझ्या सहीची काही बोटकर्जं याच किनाऱ्यावर आहेत. ज्या मुलाने कर्ज काढून बोट घेतली, त्याचा हंगाम किती? दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि मे महिना, फार तर मधले काही शनिवार-रविवार. जून ते सप्टेंबर समुद्र बंद. हप्ता मात्र बारा महिने. हप्त्याला पाऊस कळत नाही. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वारा फिरतो, लाटा वाढतात, आणि त्याच आठवड्यात पर्यटकांची रीघ असते. त्या दिवशी "आज नाही" म्हणणं म्हणजे दोन हप्ते बुडणं. तो मुलगा वाईट नसतो. त्याच्या दोन्ही किल्ल्या एकाच्याच हातात असतात: बोट सोडणाराही तोच आणि वारा तपासणाराही तोच. मी हे कर्ज मंजूर करताना तारण पाहिलं, जामीनदार पाहिले, बोटीचा विमा पाहिला. "वारा सुटला तर तू बोट बंद ठेवू शकशील का?" हा प्रश्न विचारला नाही. तो रकाना अर्जात नव्हता.

उडीच्या मैदानावर हा रकाना असतो. अमेरिकेच्या नियमांत शिकाऊ उमेदवाराला जमिनीवरचा वारा ताशी साधारण २२ किलोमीटरच्या वर गेला की उडी नाही. ढग मध्ये आले की उडी नाही. हे ठरवणारा माणूस पैसे घेणाऱ्यापासून वेगळा असावा, निदान त्याचा पगार त्या दिवशीच्या उड्यांच्या संख्येवर नसावा. माझ्या मते आपल्या किनाऱ्याला या खेळाकडून घेण्यासारखी गोष्ट ही आहे. बंदर किंवा पठार यांवर सकाळी एक माणूस उभा असावा, त्याने झेंडा लावावा, आणि तो झेंडा लाल असेल त्या दिवसाची भरपाई सामूहिक विम्यातून किंवा व्यावसायिकांच्या निधीतून व्हावी. बँकांनी हंगामी धंद्याचे हप्ते हंगामीच ठेवावेत. शेतकऱ्याचं पीककर्ज पिकाच्या वेळापत्रकाने फिटतं, मग बोटीचं का नको? यातली कुठलीही गोष्ट फार खर्चाची नाही. फक्त कोणीतरी तिच्याखाली सही करायला हवी.

*

आमच्याच तालुक्यात परुळे-चिपीच्या सड्यावर अडीच किलोमीटरची धावपट्टी आहे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी तिचं मोठ्या थाटात उद्घाटन झालं. पुतणीचे कागद वाचल्यावर आमच्यातले उत्साही लोक लगेच म्हणू लागले, इथेच उडीची शाळा काढा! ४ डिसेंबर २०२३ रोजी तारकर्लीला नौदल दिन झाला, तेव्हा नौदलाच्या कमांडोंच्या हवाई उड्या कार्यक्रमात होत्याच. मग आपल्या मुलांनी का नाही?

उत्साहावर पाणी टाकण्याचा माझा धंदाच होता, त्यामुळे सांगतो. पावसाचे चार महिने वगळावे लागतील. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, म्हणजे उड्या सकाळीच. पाणी इतकं जवळ असताना शिकाऊ उमेदवाराला तरंगण्याचं साधन आणि पाण्यात उतरण्याचं शिक्षण लागेल. सड्याच्या कडेला माडांच्या बागा, विजेच्या तारा आणि चिरेखाणी. प्रवासी विमानांची ये-जा असलेल्या ठिकाणी उड्यांसाठी आकाश मोकळं मिळवायचं तर रोज परवानगी. हे सगळं जमवता येईल, पण ते जमवणारा माणूस आधी तयार व्हायला हवा. पाचशे उड्या झालेला प्रशिक्षक, राखीव छत्रीची घडी घालणारा परवानाधारक कारागीर, विमान तपासणारा तंत्रज्ञ. तारकर्लीला पर्यटन महामंडळाने स्कूबाचं प्रशिक्षण केंद्र काढलं, तो रस्ता योग्य आहे: आधी शिकवणारे, मग शिकणारे, आणि पर्यटक सर्वांत शेवटी. आपण बहुतेक वेळा उलट्या क्रमाने जातो. आधी फलक लागतो.

आणि पैशाचं काय? परदेशात जाऊन परवाना घ्यायचा तर काही लाख रुपये लागतात. शैक्षणिक कर्ज मान्यताप्राप्त अभ्यासक्रमालाच मिळतं, अपघात विम्याच्या अनेक पॉलिसींमधून साहसी खेळ वगळलेले असतात. म्हणजे आज हा परवाना चांगल्या पगाराची नोकरी असणाऱ्यांसाठीच आहे. माझी पुतणी जाऊ शकली. आमच्याकडे नारळ काढायला येणारा मुलगा, जो पायात दोरीची कडी घालून साठ फूट माडावर सरसर चढतो आणि चढण्यापूर्वी ती कडी दोनदा ओढून पाहतो, तो जाऊ शकणार नाही. उंचीची जाण आणि दोरीचा आदर त्याच्याइतका कोणाला आहे? धोरणातले चार मजले त्याच्यापर्यंत उतरत नाहीत तोवर ते आकाशातच राहणार.

*

मी पुतणीला शेवटी काय सांगितलं? तिच्या कागदांवर मी तीन प्रश्न लिहून दिले. राखीव छत्रीची घडी कोण घालतो आणि ते कार्ड तुला पाहायला देतील का? आज नाही, असं कोण म्हणतो? आणि तू नाही म्हणालीस तर पैसे जातात की उडी पुढे ढकलतात? तिने तीनही प्रश्न शाळेला लिहून विचारले. उत्तरं आली. मग मी वहिनींना म्हटलं, माझी हरकत नाही. वहिनी महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलल्या.

मे महिन्यात ती परवाना घेऊन घरी आली. आंब्याच्या दिवसांत तिने पडवीत माझ्यासमोर एक लहानशी वही ठेवली. उड्यांची वही. प्रत्येक उडीला एक नोंद: तारीख, विमान, उंची, किती सेकंद पडली, काय जमलं, काय नाही, आणि खाली प्रशिक्षकाची सही. जुन्या सवयीने मी पहिल्या पानापासून सह्या तपासल्या. एकही सही राहिलेली नव्हती. पाचवी नोंद नापास होती. वळण घेताना ती गरगरली होती आणि प्रशिक्षकाने तिला पुन्हा तोच टप्पा करायला लावला होता. सहाव्या नोंदीत तेच सारं पुन्हा, आणि शेवटी "उत्तीर्ण".

"सगळ्यांत अवघड कुठली गं?" मी विचारलं.

"ती वहीत नाही, काका," ती म्हणाली. सतराव्या आणि अठराव्या नोंदीच्या मध्ये तिने बोट ठेवलं. "त्या दिवशी वर गेलो. दार उघडलं. खाली ढग आले होते आणि वारा वाढला होता. प्रशिक्षकाने मान हलवली. दार बंद केलं आणि आम्ही सगळे विमानातूनच खाली आलो. दारापर्यंत जाऊन परत बसायला जेवढं जड गेलं तेवढी एकही उडी गेली नाही. उडी मारली नाही म्हणून नोंद नाही."

वहिनी आतून आंब्याच्या फोडींचं ताट घेऊन आल्या होत्या. दारातच थांबून त्यांनी ते ऐकलं असावं. ताट लेकीसमोर ठेवत त्या म्हणाल्या, "तां बरा केलंस."